पोपटाच्या प्रवासाची पेटी

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या शेजारच्या बिऱ्हाडांतील एक कन्या माझ्याकडे आली. तिची नोकरी पुण्याहून बंगळुरास बदलली होती. सामान ट्रकनें जाणार होतें, माणसें मोटारीनें जाणार होतीं. प्रश्न उरला होता तो घरांतील आफ्रिकन राखाडी पोपटाचा. प्रवासाच्या पेट्या हल्लीं नाना तऱ्हेच्या मिळतात. कापडाच्या, प्लास्टिकच्या, तारेच्या, कांचेसारख्या पारदर्शक. "गुरुजी, यांतली कोणती घ्यावी?" असें तिनें मला विचारलें. ज्याचें सारें आयुष्य मुलांकडून सनावळ्या घोकून घेण्यांत गेलें, त्याला हा प्रश्न कां विचारावा, याचें मला प्रथम हंसूं आलें. परंतु रात्रीं अंथरुणावर पडल्यावर मनांत आलें कीं, हा प्रश्न चांगला दोन हजार वर्षांचा जुना आहे, आणि त्याचें उत्तर देतांना माणूस वारंवार चुकत आला आहे. त्या चुकांची हकीकत, श्रोतेहो, आज आपणांपुढें मांडावी असें योजिलें आहे.

पोपट हा मूळचा आपल्या देशांतून पश्चिमेकडे गेलेला पाहुणा. इसवी सनापूर्वीं ४०० च्या सुमारास इराणच्या दरबारीं क्टेसियस नांवाचा एक ग्रीक वैद्य होता. त्यानें हिंदुस्थानांतील एका पक्ष्याचें वर्णन करून ठेविलें आहे. आकार ससाण्याएवढा, तोंड तांबडें, गळ्याखालीं काळी दाढी, आणि माणसासारखी वाणी. तो हिंदी लोकांची भाषा बोलतो, पण शिकविल्यास ग्रीकहि बोलेल, असें तो लिहितो. पुढें सिकंदराच्या स्वारीबरोबर आलेल्या निआर्कसनें पोपटाची गोष्ट मोठें आश्चर्य म्हणून सांगितली. याच निआर्कसच्या आधारानें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत आरियन इतिहास लिहावयास बसला, तेव्हां त्यानें मात्र पोपटाचें वर्णन टाळलें. कारण काय, तर आपण स्वतः पुष्कळ पोपट पाहिले आहेत आणि लोकांनाहि ते ठाऊक आहेत! चारपांचशें वर्षांत एका अद्भुताची नित्याची वस्तु झाली ती अशी. आणि हे सर्व पक्षी तेथवर कोणीतरी कशांत तरी घालून नेले असले पाहिजेत, हें उघड आहे.

तो मार्ग कसा होता, हें प्लिनीच्या ग्रंथावरून कळतें. मोसमी वाऱ्यावर चालणाऱ्या जहाजांना तांबड्या समुद्राच्या मुखापासून मलबारांतील मुझिरिस बंदर गांठावयास चाळीस दिवस लागत. परतीच्या वाटेवर बेरेनीके बंदरीं उतरलें कीं उंटांवरून बारा दिवसांचा वाळवंटी प्रवास करून नाईल नदीवरचें कोप्टस गांठावयाचें. उन्हाच्या तापामुळें हा प्रवास बहुतेक रात्रींचा असे. मग नदीनें अलेक्झांड्रिया, आणि तेथून पुन्हा समुद्र. आपल्याकडील भडोच, सोपारा आणि कल्याण हीं बंदरें याच व्यापारांतलीं. एखादा पहाडी राघू या वाटेनें रोमास पोंचला, तर त्याच्या वाट्यास किती महिन्यांचा कोंडवास आला असेल, याचा हिशेब ज्याचा त्यानें करावा.

या प्रवासाच्या पिंजऱ्याचें वर्णन मला कोठें मिळालें नाहीं. घरांतल्या पिंजऱ्याचें मात्र मिळतें. रोमन कवि स्टेशियस यानें आपल्या एका धनिक मित्राच्या मेलेल्या पोपटावर काव्य रचलें. त्यांतील पिंजऱ्याचा घुमट कासवाच्या पाठीचा, गज रुप्याचे आणि सांधे हस्तिदंताचे आहेत. आपला बाणभट्ट तरी काय करतो? सातव्या शतकांतील त्याच्या 'कादंबरी'त शूद्रक राजाच्या दरबारीं वैशंपायन पोपट येतो तो सोन्याच्या गजांच्या पिंजऱ्यांतून. आणि आंतल्या पक्ष्याच्या हिरव्या कांतीमुळें तें सोनें पाचूसारखें दिसूं लागतें. कल्पना मोठी रम्य आहे, यांत शंका नाहीं. पण रुप्याचे गज काय आणि सोन्याचे काय, हें सगळें वर्णन धन्याच्या डोळ्यांनीं केलेलें आहे. पक्ष्याच्या पायाखालीं काय होतें, तें कवीला दिसलें नाहीं.

तें दिसलें प्लिनीला. पोपटाला बोलावयास शिकवितांना त्याच्या डोक्यावर लोखंडी कांबीनें मारावें, असा क्रूर सल्ला याच प्लिनीनें नोंदविला आहे, म्हणून त्याच्याविषयीं मला फारसें प्रेम नाहीं. परंतु त्याच ठिकाणीं तो सांगतो कीं, पोपट खालीं उतरतांना आपला भार चोंचीवर घेतो, कारण त्याचे पाय दुर्बळ असतात. पाय दुर्बळ असतात, हें कांहीं खरें नव्हे. पण चोंच हा पोपटाचा तिसरा पाय आहे, हें निरीक्षण अगदीं बिनचूक आहे. चढतांना, उतरतांना, तोल जातांना तो आधीं चोंचीनें धरतो आणि मग पाऊल टाकतो. पायाचीं दोन बोटें पुढें आणि दोन मागें असल्यामुळें त्याची पकड सांडशीसारखी असते. ज्या पेटींत त्याला धरावयास कांहीं नाहीं, त्या पेटींत तो पडलेलाच असतो, मग ती सोन्याची असो कीं कासवाच्या पाठीची.

येथें एक घरची गोष्ट सांगितल्यावांचून मला पुढें जातां येत नाहीं. मी नऊदहा वर्षांचा असतांना आम्हीं कोंकणांतलें बिऱ्हाड मोडून घाटावर आलों. आमच्या घरीं एक राघू होता. आजीच्या हातून तो पेरूची फोड घेई आणि तिला नांवानें हांक मारी. पाळलेला राघू त्या काळीं दर चार घरांआड असे. त्याचा पिंजरा कामट्यांचा, तळाशीं पत्र्याची वाटी, आणि मधोमध तारेला टांगलेला एक झोका. बसमध्यें जागा नव्हती, म्हणून वडिलांनीं पिंजऱ्यावर ओलें पोतें गुंडाळून तो टपावर सामानांत बांधविला. पोतें ओलें ठेविलें म्हणजे पक्ष्याला गारवा मिळेल, हा त्यांचा हेतु चांगलाच होता. घाटांत वळणावळणाला तो झोका हिंदकळत राहिला असेल. वाटी पहिल्याच धक्क्याला कलंडली. पोतें तासाभरांत वाळलें आणि वारा मात्र त्यानें पुरता अडविला. उतरल्यावर वडिलांनीं पोतें सोडलें आणि पुन्हा गुंडाळलें. आजीला त्यांनीं सांगितलें कीं, राघू वाटेंत उडून गेला. तिनें तें खरें मानलें कीं नाहीं, मला माहीत नाहीं. पण त्यानंतर आमच्या घरीं पक्षी आला नाहीं.

असो. इतिहासाकडे वळूं. १२ ऑक्टोबर १४९२ रोजीं कोलंबस नव्या जगांत उतरला, त्याच दिवशीं तेथील लोक त्याच्या बोटींपाशीं पोपट घेऊन आले. १४९३ सालीं तो परतला तेव्हां सेव्हिल शहरांत ते हिरवे पोपट लोकांनीं डोळे भरून पाहिले. पाठोपाठ ब्राझीलचा किनारा सांपडला, आणि त्या देशास कित्येक वर्षें 'पोपटांची भूमि' असेंच म्हणत. आपल्या राघूपेक्षां कितीतरी मोठे, हातभर शेपटीचे मकाव युरोपांत येऊं लागले ते तेव्हांपासून. मलायाकडचे काकाकुवे पुढें डच व्यापाऱ्यांच्या जहाजांवरून येऊं लागले. 'काकाकुवा' हा आपला शब्दहि मूळचा मलायीच आहे.

मोठ्या पोपटांच्या प्रवासाचें सर्वांत बोलकें वर्णन ज्यानें लिहून ठेविलें, तो जर्मन शास्त्रज्ञ आलेक्झांडर फॉन हुंबोल्ट. १८०० सालीं तो आणि त्याचा मित्र बाँप्लाँ दक्षिण अमेरिकेंतील ओरिनोको नदींतून डोंगीनें हिंडत होते. डोंगी सुमारें चाळीस फूट लांब, पण रुंदी अवघी तीन फूट! मागल्या बाजूस पानांचें एक ठेंगणें छप्पर. त्याखालीं ताठ बसणेंहि अशक्य. अशा या डोंगींत यंत्रें, वाळलेल्या वनस्पतींचे गठ्ठे, माणसें, आणि भरीस भर म्हणून माकडें व पक्षी जमत गेले. कांहीं पिंजऱ्यांत, कांहीं मोकळे. बरोबर झेआ नांवाचे एक फ्रान्सिस्कन पाद्री होते. हा फिरता प्राणिसंग्रह वाढत चाललेला पाहून ते मनांतल्या मनांत कुरकुरत. पाऊस येण्याचीं चिन्हें दिसलीं कीं मकाव कर्कश ओरडूं लागत, टूकन पक्षी मासे धरण्यासाठीं कांठाकडे धांव घेऊं पाही, आणि चिमुकलीं माकडें पाद्रीबावांच्या झग्याच्या ऐसपैस बाह्यांत शिरत.

यांतील विनोदाचा भाग सोडून देऊं. मला महत्त्वाचें वाटतें तें रात्रींच्या मुक्कामाचें वर्णन. कांठावर उतरल्यावर मध्यभागीं शिदोरीची चामडी पेटी ठेवीत, तिच्या शेजारीं यंत्रें व प्राण्यांचे पिंजरे. त्यांच्या भोंवतीं हुंबोल्ट आणि त्याच्या सोबत्यांच्या झोळ्या, त्यांच्या बाहेर इंडियन वाटाड्यांच्या, आणि सर्वांच्या बाहेर जाग्वार वाघाला दूर ठेवण्यासाठीं पेटविलेल्या आगट्या. पक्ष्यांचे पिंजरे कोठें ठेविले, पहा! ज्या वस्तु गमावून चालणार नाहींत, त्यांच्या ओळींत. त्याच प्रवासांत मायपुरेस गांवीं त्याला एक म्हातारा पोपट दाखविण्यांत आला. तो काय बोलतो तें कोणालाच कळेना. गांवकरी म्हणाले, नष्ट झालेल्या आतुरेस जमातीची ती भाषा आहे. ही गोष्ट हुंबोल्टनें जशी ऐकली तशी दिली आहे, मीहि तशीच आपणांस देतों.

वाफेचीं जहाजें आलीं आणि पोपट हा घाऊक माल झाला. लंडनच्या गोदीजवळ रॅटक्लिफ हायवेवर चार्ल्स जामराख नांवाच्या व्यापाऱ्याचें प्राण्यांचें प्रसिद्ध दुकान होतें. १८९१ सालीं तो वारला. जहाजावरील खलाशांकडून पक्षी घ्यावे आणि हौशी लोकांस विकावे, हा त्याच्यासारख्यांचा धंदा. पश्चिम आफ्रिकेचे राखाडी पोपट अंधाऱ्या खोक्यांत दाटीवाटीनें भरून येत. त्यांत आणखी एक खुळी समजूत पसरली होती कीं, या पोपटांना पाणी पाजूं नये. पाव चहाकॉफींत भिजवून दिला म्हणजे पुरे! तहानेनें आणि घाणीनें वाटेंत किती मेले, याची गणती कोण ठेवतो? पोपट नाजूक असतो, असें म्हणून लोक मोकळे होत. वास्तविक तो नाजूक नव्हे. राणी ॲनच्या काळांतील रिचमंडच्या डचेसनें पाळलेला राखाडी पोपट तिच्याजवळ वर्षानुवर्षें राहिला. १७०२ सालीं ती वारली, तिच्या मागोमाग तोहि गेला. त्याचें पेंढा भरलेलें शरीर वेस्टमिन्स्टर ॲबीच्या संग्रहांत आजहि आहे.

या खोक्यांनीं पुढें माणसांवरहि सूड घेतला. १८७९ सालीं स्वित्झर्लंडमध्यें, १८९२ सालीं पॅरिसांत, आणि १९२९-३० च्या हिवाळ्यांत युरोप-अमेरिकेंत अनेक ठिकाणीं एक विलक्षण ताप उद्भवला. तापाचें मूळ पिंजऱ्यांत निघालें. पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळींतून जंतु श्वासावाटे माणसाच्या फुफ्फुसांत जात. जानेवारी १९३० मध्यें अमेरिकेचे अध्यक्ष हूव्हर यांनीं पोपटांच्या आयातीवर बंदी घातली. हा रोग आज औषधानें बरा होतो. दाटींत आणि भीतींत पक्ष्याची प्रतिकारशक्ति खचते आणि एरवीं दडून असलेला रोग वर येतो, हें त्या वेळीं शिकलेलें ज्ञान आजहि उपयोगी आहे. पेटीचा तळ रोज साफ करतां आला पाहिजे, हा नियम सौंदर्याचा नव्हे, आरोग्याचा आहे.

कायदा फार उशिरां जागा झाला. १९७३ सालीं वॉशिंग्टन येथें वन्य प्राण्यांच्या व्यापारासंबंधींचा आंतरराष्ट्रीय करार झाला, १९७५ पासून तो अमलांत आला, आणि १९८१ सालीं थोड्या जाति वगळून सारे पोपट त्याच्या कक्षेंत आले. राखाडी पोपटाची रानांतील संख्या इतकी घटली कीं, २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेंत त्याला सर्वांत कडक यादींत घालावें लागलें. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर १९९०-९१ मध्यें रानपक्ष्यांचा व्यापार बंद झाला. त्यामुळें आमच्या आजीसारखा राघू पाळणें हा आज गुन्हा आहे, आणि तें योग्यच आहे. परदेशी जातींचे पोपट पाळणाऱ्यांना २०२४ च्या नियमांप्रमाणें सरकारदरबारीं नोंद करावी लागते. शेजारच्या कन्येनें ती केली आहे, हें मीं आधीं विचारून घेतलें. तरीहि चोरटा व्यापार थांबला आहे असें नाहीं. मे २०१५ मध्यें इंडोनेशियांतील सुराबाया बंदरांत पोलिसांना वीसांहून अधिक काकाकुवे सांपडले. ते कशांत होते? पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्यांत. बूड कापून, पक्षी आंत खुपसून. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचें हाड पुढें-मागें हलेल तरच हवा आंत येते. छाती आवळली कीं नाक उघडें असूनहि तो गुदमरतो. हें ज्याला समजलें, तो पक्ष्याला कापडांत घट्ट गुंडाळून नेणार नाहीं.

मग पेटी कशी असावी? दुसऱ्या दिवशीं मीं त्या कन्येस जें सांगितलें तें असें. पहिली गोष्ट दांडीची. ती टांगलेली नको. दोन्ही बाजूंस स्क्रूनें घट्ट बसविलेली, खरबरीत लाकडाची, आणि तळापासून थोड्याच उंचीवर असावी, म्हणजे धक्क्यानें पक्षी घसरला तरी पडेल तो वीतभरच. आमच्या राघूचा झोका मी विसरलों नव्हतों. दांडीवर बसल्यावर डोकें छताला आणि शेपटीचें टोंक तळाला लागतां कामा नये. पक्ष्यास वळतां यावें, पण पंख पसरून झेप घेतां येऊं नये. घरीं पिंजरा जितका मोठा तितका चांगला; प्रवासांत तसें नाहीं. मोटारीनें एकाएकीं ब्रेक लावला तर मोठ्या पेटींत पक्षी भिंतीवर आदळतो. राखाडी पोपट चोंचीपासून शेपटीपर्यंत सुमारें तेहतीस सेंटिमीटरांचा, तर निळा हायसिंथ मकाव मीटरभर लांब. दोघांना एकच माप कसें पुरावें?

दुसरी गोष्ट चोंचीची. जी चोंच कठीण कवचाचीं फळें फोडते, तिच्यापुढें कापड आणि पातळ जाळी म्हणजे पापड. मकावला तर प्लास्टिकचाहि भरंवसा नाहीं. तार वापरलेली असल्यास ती जस्ताचा मुलामा दिलेली नसावी. पोपट गज चाटतो, कुरतडतो, आणि जस्त पोटांत गेलें कीं विषबाधा होते. शिसें असलेल्या रंगाचीहि तीच कथा. न गंजणारें पोलाद सर्वांत निर्धोक. कडी साधी नको, कारण साधी कडी कशी उघडते हें पोपट दोन दिवसांत पाहून शिकतो. कडीला वर आंकडा अडकवावा. कांचेसारख्या पारदर्शक पेट्या दिसावयास छान, परंतु धांवती झाडें आणि ट्रक सर्व बाजूंनीं दिसले कीं पक्षी भेदरतो. तशी घेतलीच तर तीन बाजू कापडानें झांकाव्या, आणि वाऱ्याचीं भोंकें मात्र मोकळीं ठेवावीं. ओलें पोतें नको!

पाण्याची वाटी हिंदकळून तळ भिजवते. तिच्याऐवजीं काकडी, सफरचंद, द्राक्षें द्यावीं आणि गाडी थांबेल तेव्हां पाणी पाजावें. पायांत साखळी तर मुळींच नको; धक्का बसला कीं मोडतो तो पाय. पेटी मागल्या आसनावर पट्ट्यानें बांधावी, पुढच्या आसनावर नव्हे, कारण तेथील हवेची पिशवी फुगली तर पेटीचा चुराडा होईल. आणि उन्हांत बंद मोटारींत पक्ष्यास ठेवून जेवावयास उतरूं नये, हें मीं तिला दोनदां सांगितलें.

हें सर्व सुशिक्षितांना ठाऊक असतें, असें कोणी म्हणेल. मग इतकी वर्षें कां लागलीं? ब्राझीलच्या कुरासा भागांत स्पिक्सचा निळा मकाव राहत असे. १८१९ सालीं स्पिक्सनें त्याचा पहिला नमुना मिळविला, आणि २००० सालानंतर रानांतला शेवटचा पक्षी दिसेनासा झाला. ३ मार्च २०२० रोजीं जर्मनींत पिंजऱ्यांत वाढविलेले असे ५२ मकाव विमानानें ब्राझीलमधील पेत्रोलीना येथें आणण्यांत आले. जगांत उरलेल्या त्या जातीचा केवढा मोठा भाग एका विमानांत, पेट्यांमध्यें बसून चालला होता! पाठविणाऱ्यांची त्या रात्रीं काय अवस्था झाली असेल, याची कल्पना मला करतां येते. जून २०२२ मध्यें त्यांपैकीं आठ पक्षी रानांत सोडले गेले. पांचशें वर्षें पोपटाच्या पेट्या अमेरिकेहून युरोपास जात होत्या. या पेट्या उलट दिशेनें आल्या.

शेजारच्या कन्येनें पोलादी गजांची, तीन बाजूंनीं बंद असलेली पेटी घेतली. निघण्याच्या तीन आठवडे आधीं ती दार उघडें ठेवून दिवाणखान्यांत मांडली आणि आंत रोज एक बदाम ठेवावयास सुरुवात केली. पहिले पांच दिवस पोपट पेटीच्या वाऱ्यासहि उभा राहिला नाहीं. सहाव्या दिवशीं त्यानें मान आंत घालून बदाम पळविला. आतां बंगळुराहून तिचा फोन आला होता. दुपारच्या वेळीं महाशय आपण होऊन पेटींत जाऊन बसतात, आणि कोणी दार लावावयास गेलें तर ओरडतात.